घरच्या घरी गाडी बनवायचीये? मग टिग वेल्डिंगचं मशिन घेताना '२०० अँपिअर'च्या स्टिकरला भुलू नका

डिसेंबर २०२१. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार एका व्हिडिओमुळे देशभर पोहोचले. भंगारातले पार्ट जमवून, साठेक हजार रुपयांत त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली होती. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

तेव्हापासून रील्स उघडल्या की असा एखादा पठ्ठ्या दिसतोच. कुणी मारुती ८०० चं इंजिन काढून बग्गी बनवतंय, कुणी बाइकच्या इंजिनावर चारचाकी उभी करतंय. आणि खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो. "भावा, वेल्डिंग मशिन कुठलं घेतलं?"

उत्तर म्हणून कुणीतरी ऑनलाइन सेलची लिंक टाकतो. वर लिहिलेलं असतं, २०० अँपिअर, टिग, मिग, आर्क, सगळं एकात, किंमत पंधरा हजाराच्या आत. पोरगं पैसे भरतं, मशिन घरी येतं, आणि मग कळतं की यात गॅसची नळी लावायला जागाच नाही.

म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ. कारण इथं फक्त पैशांचा प्रश्न नाही. ज्या जोडावर तुमची सीट, तुमचा सीटबेल्ट आणि पुढचं चाक लटकणार आहे, तो जोड या मशिनमधून निघणार आहे.

टिग म्हणजे आपलं 'आर्गन वेल्डिंग'

कुठल्याही एमआयडीसीत जाऊन 'टिग वेल्डिंग कुठं होतं' असं विचारलं तर एखादा थांबून विचार करेल. 'आर्गन वेल्डिंग' म्हणा, लगेच बोट दाखवेल. बुलेटचं फुटलेलं क्रँककेस, तडा गेलेलं अलॉय व्हील, स्टीलच्या रेलिंगचा तो चकचकीत जोड, हे सगळं आर्गनवाल्याकडचं काम.

गेट-ग्रिलवाला जे करतो ते रॉड वेल्डिंग. त्यात रॉड स्वतःच वितळून जोडात जातो आणि वरचं कोटिंग जळून धूर आणि स्लॅग तयार होतो. गॅरेजमध्ये पत्र्याच्या कामाला जे वापरतात ते 'सीओटू', म्हणजे मिग. त्यात बटण दाबलं की तार आपोआप बाहेर येत राहते.

टिगमध्ये टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते. टंगस्टन वितळायला ३,४२२ अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे सुई वितळत नाही, फक्त तिच्या टोकापासून ज्योत निघते. तिच्याभोवती आर्गन गॅस सोडतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन लागत नाही. भरणीची तार तुम्ही दुसऱ्या हातानं थेंबाथेंबानं द्यायची. ठिणग्या नाहीत, स्लॅग नाही, आणि वितळलेल्या धातूचं डबकं समोर स्पष्ट दिसतं.

हे तंत्र मुळात विमानांसाठी तयार झालं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ते विकसित केलं. मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, म्हणून त्याच्याभोवती हेलियम गॅस सोडायची कल्पना निघाली. आर्गन नंतर आला, कारण तो स्वस्त पडतो.

पण तुम्हाला टिग खरंच पाहिजे का?

हा प्रश्न मशिन विकणारा कधी विचारणार नाही, म्हणून आपणच विचारू.

घरी गाडी बनवण्याची जुनी परंपरा इंग्लंडमध्ये आहे. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनसारखी दिसणारी छोटी स्पोर्ट्‌स कार लोक गॅरेजात बनवायचे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत अशी गाडी बनवायचं पुस्तक काढलं आणि या गाड्यांना 'लोकॉस्ट' असं नावच पडलं. तिची चेसिस कशाची? एक इंची चौकोनी पाइप, भिंतीची जाडी साधारण १.६ एमएम. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसलाच. आणि त्यातल्या कितीतरी चेसिस साध्या मिग मशिननं जोडलेल्या आहेत.

म्हणजे गाडी बनवायला टिग लागतंच असं नाही. मिग वेगवान आहे, शिकायला सोपं आहे, आणि उघड्या अंगणात वारा असला तर फ्लक्सवाली तार घालून कामही भागतं. टिग हळू चालतं, दोन्ही हात गुंतवतं, आणि पाइपवर जरा गंज किंवा तेल राहिलं तरी रुसतं.

तरी लोक टिग का घेतात? कारण पातळ पाइपवर उष्णता आपल्या हातात राहते. मिगमध्ये नवशिक्याचा सगळ्यात धोकादायक दोष असा की वरून वेल्ड गुबगुबीत दिसतं, पण खाली लोखंड वितळलेलंच नसतं. तार नुसती वर बसलेली असते. टिगमध्ये डबकं तयार झाल्याशिवाय तार घालताच येत नाही, त्यामुळे स्वतःला फसवणं जरा अवघड जातं. आणि पुढंमागं स्टेनलेसचा एक्झॉस्ट बनवायचा असेल तर टिगला तोड नाही.

आमचं मत विचाराल तर, घाई असेल आणि फक्त चेसिसच करायची असेल तर मिग घ्या. हातात वेळ असेल, शिकायची हौस असेल, तर टिग.

किती अँपिअर लागतात? तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी

लोखंडासाठी वेल्डरांचा एक ढोबळ हिशोब आहे. जाडीच्या दर एक एमएमला साधारण ४० अँपिअर. म्हणजे १.६ एमएमच्या पाइपला ६० ते ६५. दोन एमएमला ८०. तीन एमएमला ११० ते १२०.

मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला होणाऱ्या बाहा स्पर्धेत इंजिनीअरिंगची पोरं बग्गी घेऊन उतरतात. तिच्या रोल केजच्या मुख्य पाइपसाठीचं नियमातलं मूळ माप २५ एमएम व्यास, ३ एमएम जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेलं स्टील असं आहे. तो पाइप जोडायलासुद्धा १२० अँपिअर पुरतात. सस्पेन्शनच्या ब्रॅकेटला ४ एमएमची पट्टी लावलीत तर १५०-१६० लागतील.

म्हणजे घरच्या गाडीसाठी खरे १६० अँपिअर देणारं मशिन भरपूर झालं. इथं 'खरे' हा शब्द महत्त्वाचा.

स्वस्त मशिनच्या अंगावर २००, २५०, काहींवर तर ३०० असा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. कित्येकदा तो नुसता मॉडेलचा नंबर असतो. खरी माहिती मागच्या बाजूच्या छोट्या पट्टीवर असते, आणि तिथं बघायची गोष्ट म्हणजे 'ड्यूटी सायकल'.

ड्यूटी सायकल दहा मिनिटांवर मोजतात. '१६० अँपिअर, ३५ टक्के' याचा अर्थ, १६० वर साडेतीन मिनिटं चालवलं की उरलेली साडेसहा मिनिटं मशिनला थंड व्हायला द्यायची. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानाला करायची असते. पट्टीवर ४० लिहिलंय की २५, हे बघा. २५ अंशाला चाचणी घेतलेल्या मशिनचा आकडा चंद्रपूरच्या मे महिन्यात काही कामाचा नाही.

अँपिअर कमी केले की ही मर्यादा झपाट्यानं सैल होते. खरं १६० अँपिअर-३५ टक्क्यांचं मशिन असेल तर साधारण ९५ अँपिअरवर ते न थांबता चालू शकतं. १२० वर दहातली सहा मिनिटं. तुमचा पाइप ६५ अँपिअरचा, त्यामुळे मशिनच्या आधी तुमचीच मान दुखायला लागेल. ड्यूटी सायकलवरून डोकं पिकवू नका, फक्त आकडा खोटा नाही ना एवढी खात्री करा.

पट्टीच नसेल, किंवा पट्टीवर फक्त मॉडेलचं नाव असेल, तर ते मशिन तिथंच ठेवा.

घरचं मीटर हे ओढेल का?

हा प्रश्न आई-वडील विचारतात आणि तो बरोबर आहे.

टिगची ज्योत छोटी असते, त्यामुळे व्होल्टेज कमी लागतं. १०० अँपिअरला टिगमध्ये सुमारे १४ व्होल्ट, तर रॉड वेल्डिंगमध्ये सुमारे २४ व्होल्ट धरतात. म्हणजे तेवढ्याच अँपिअरला टिग रॉडपेक्षा बरीच कमी वीज खातं. साध्या सिंगल फेज इन्व्हर्टर मशिनवर १०० अँपिअरनं टिग चालवलं तर भिंतीतून १० ते १२ अँपिअर ओढले जातील. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर हे बसतं. पण पूर्ण १६० वर नेलंत तर आकडा २० च्या आसपास जातो, तिथं साधा सॉकेट तापतो, वितळतो. त्यासाठी मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर हे मशिन कधीच लावू नका. लांब वायर न्यायची असेल तर किमान २.५ चौरस एमएम तांब्याची, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर आतून तापत जाते.

अर्थिंगशिवाय तर मशिनला हातच लावू नका. गावाकडं अर्थिंगची वायर नुसती पाइपला बांधलेली असते, तिचा उपयोग नाही. आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरत असेल तर मशिन किती व्होल्टपर्यंत चालतं ते पट्टीवर बघून घ्या. एक सल्ला फुकटचा. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी बनवा, पण शेजाऱ्यांची गेटं पैसे घेऊन जोडायला लागू नका. मंजूर कारणासोडून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल येऊ शकतं.

'थ्री इन वन'चा सापळा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. टिग मशिन चालू करायचे तीन प्रकार आहेत.

पहिला, काडेपेटीसारखी सुई घासून ज्योत पेटवायची. दुसरा, सुई लोखंडाला टेकवून हलकेच उचलायची, याला 'लिफ्ट' म्हणतात. तिसरा एचएफ, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी. यात सुई लोखंडाला टेकवावी लागत नाही, बटण दाबलं की ठिणगी हवेतून उडी मारते आणि ज्योत पेटते.

नवशिक्यानं एचएफच घ्यावं. सुई टेकवली की ती घाण होते, घाण झाली की ज्योत भरकटते, मग पुन्हा ग्राइंडरवर टोक काढा. पहिल्या दिवशी हे तीस-चाळीस वेळा होतं आणि माणूस वैतागतो.

स्वस्तातल्या 'थ्री इन वन' मशिनमध्ये टिग बहुतेक वेळा 'लिफ्ट' असतं. त्यात गॅस चालू-बंद करणारा आतला व्हॉल्व्ह नसतो, टॉर्च वेगळी घ्यावी लागते, आणि गॅस टॉर्चवरच्या चावीनं हातानं सोडावा लागतो. हे वाईट आहे असं नाही. तुमच्याकडे आधीच चांगलं इन्व्हर्टर आर्क मशिन असेल तर व्हॉल्व्हवाली टॉर्च, रेग्युलेटर आणि सिलिंडर लावून त्यावरच टिग शिकता येतं. सगळ्यात स्वस्त सुरुवात हीच. पण नवीन मशिनला पैसे मोजणार असाल तर या तडजोडीला पैसे देऊ नका.

एचएफशिवाय आणखी दोन गोष्टी मी अजिबात सोडणार नाही. एक, 'डाउनस्लोप'. वेल्ड संपवताना करंट एकदम तोडला तर शेवटी खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात बारीक तडा जातो. गाडी हादरत राहिली की तो तडा वाढत जातो. डाउनस्लोपमध्ये करंट दोन-तीन सेकंदांत हळूहळू उतरतो आणि खड्डा भरून निघतो. दुसरी, 'पोस्ट फ्लो'. ज्योत विझल्यावरही काही सेकंद गॅस चालू राहतो, त्यामुळे तापलेली सुई आणि जोड काळे पडत नाहीत.

पल्स असेल तर ठीक, पातळ पत्र्याला आणि स्टेनलेसला कामी येतं. नसलं तरी चेसिस होते. पायाच्या पेडलवरून यूट्यूबवर फार चर्चा असते. टेबलावर काम असेल तर पेडल सुंदर आहे, पण चेसिसच्या पोटाखाली उताणे पडून जोड मारताना पेडल कुठल्या पायानं दाबणार? त्यापेक्षा टॉर्चवरच्या बटणाचे दोन मोड, २टी आणि ४टी, व्यवस्थित चालतात का ते बघा. ४टी म्हणजे एकदा दाबून सोडलं की ज्योत चालू राहते, बोट धरून बसावं लागत नाही.

टॉर्चचा नंबरही विचारा. डब्ल्यूपी-१७ हलकी आहे, साधारण १५० अँपिअरपर्यंतची. डब्ल्यूपी-२६ जाडजूड, २०० पर्यंतची. कोपऱ्याकापऱ्यात १७ बरी पडते.

अशा सगळ्या गोष्टी असलेलं साधं डीसी टिग मशिन सिंगल फेजमध्ये साधारण १२ ते २० हजार रुपयांत मिळतं. दुकान आणि ब्रँडनुसार वर-खाली होतं. दोन हजार वाचवण्यापेक्षा तुमच्या जिल्ह्यात किंवा निदान पुण्या-मुंबईत ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे ते घ्या. आतलं इन्व्हर्टर कार्ड उडालं आणि पार्ट मिळाला नाही, तर मशिन भंगारात जातं.

आणि ॲल्युमिनियम?

इथं बजेट फुटतं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावर बसलेला ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात. तो थर फोडायला एसी करंट पाहिजे. साधं डीसी मशिन इथं हात टेकतं. एसी-डीसी मशिनची किंमत डीसीच्या दुप्पट-तिप्पट असते आणि ॲल्युमिनियमला त्याच जाडीच्या लोखंडापेक्षा अँपिअरही जास्त लागतात.

तुमच्या गाडीत ॲल्युमिनियमचं काम किती आहे ते मोजा. पेट्रोलची टाकी, रेडिएटरचा एखादा पाइप, फार तर इंटरकूलरची नळी. तीन-चार जोड. ते कापून, साफ करून, आर्गनवाल्याकडे घेऊन जा. वाचलेल्या पंचवीस-तीस हजारांत इंजिन येईल.

विक्रेता म्हणेल, "साहेब, आमच्या डीसी मशिनवर ॲल्युमिनियमपण होतं." हसा आणि पुढच्या दुकानात जा.

मशिनपेक्षा गॅस जास्त डोकेदुखी देतो

लोक मशिनचा भाव विचारतात, सिलिंडरचा विचारत नाहीत. आर्गन शुद्धच लागतो, ९९.९९ टक्के किंवा वरचा. मिगसाठी मिळतो तो आर्गन-सीओटूचा मिक्स गॅस टिगला लावला तर सुई लगेच काळी पडून जळते. सिलिंडरच्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा.

आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो माणसाच्या उंचीचा सिलिंडर ४७ लिटरचा, त्यात साधारण ७ घनमीटर गॅस बसतो. छोटा १० लिटरचा असतो, त्यात दीड. कुठला घ्यायचा?

हिशोब करू. एक इंची चौकोनी पाइपच्या एका टोकाचा घेर १०० एमएम. नवशिक्याच्या वेगानं तिथं दीड मिनिट ज्योत चालेल. चेसिसला अशी शंभरेक टोकं धरा, म्हणजे १५० मिनिटं. मिनिटाला ८ लिटर गॅस, झाले १,२०० लिटर. प्रत्येक बाजू संपल्यावर सहा सेकंदांचा पोस्ट फ्लो धरला तर वर ३०० लिटर. म्हणजे एक छोटा सिलिंडर चेसिसलाच संपला, आणि सरावाला काहीच उरलं नाही. मोठ्या सिलिंडरमध्ये चेसिस होऊन महिनाभराचा सराव निघतो. त्यामुळे नेता येत असेल तर मोठाच बरा.

डिपॉझिटवर घ्यायचा की विकत, हे जवळच्या गॅस डीलरला विचारून ठरवा. काही ठिकाणी महिन्याचं भाडं लागतं, आणि प्रकल्प वर्षभर रेंगाळला (रेंगाळतोच) तर भाडं अंगावर येतं. विकत घ्यायचा तर मशिनच्या किमतीच्या जवळपास जाणारा खर्च धरून ठेवा. भंगारवाल्याकडचा बिनकागदाचा सिलिंडर घेऊ नका. सिलिंडरवर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती उलटून गेली असेल तर डीलर भरून देणार नाही. या सगळ्यावर देखरेख ठेवणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

सिलिंडर उभाच ठेवायचा, भिंतीला साखळीनं बांधून. रेग्युलेटर आर्गनचाच, लिटर दाखवणारी काचेची नळी असलेला. फॅन बंद ठेवा, कारण वारा लागला की गॅस उडतो आणि जोडात बुडबुडे पडतात. आता फॅन बंद म्हणून शटरपण पूर्ण ओढून घेऊ नका. आर्गन हवेपेक्षा जड आहे, वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो खाली साचतो आणि माणसाला कळायच्या आत ऑक्सिजन कमी होतो.

सुया, तार आणि डोळे

सुई १.६ एमएमची पुरेशी, ३ एमएम पाइपला २.४ ची. टोकाचा रंग बघून घ्या. लाल टोकात थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी आहे आणि ग्राइंड करताना त्याची धूळ छातीत जाते. सोनेरी किंवा निळी लँथनमची घ्या, करड्या टोकाचीही चालेल. टॉर्च मशिनच्या मायनसला लावायची. प्लसला लावली तर सुईचाच गोळा होतो, मग लोक म्हणतात मशिन खराब आहे.

साध्या लोखंडाला तार ईआर७०एस-२ किंवा ईआर७०एस-६, जाडी १.६ एमएम. स्टेनलेस ३०४ ला ३०८एल.

पाइपवरची काळी पापुद्री आणि गंज फ्लॅप डिस्कनं चकचकीत होईपर्यंत काढा, मग ॲसिटोननं पुसा आणि सुकू द्या. इथं एक गोष्ट जीवावरची आहे. ब्रेक क्लीनरच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनवाली रसायनं असतात. त्यानं पुसलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला विषारी वायू तो हाच. जीआय पाइपही नको, त्यावरचं जस्त जळून धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो.

टिगमध्ये धूर नसतो म्हणून लोक बेफिकीर राहतात. उलट धूर नसल्यामुळे अतिनील किरणं थेट अंगावर येतात. बनियनवर दोन तास काम केलंत तर मानेची कातडी सोलून निघेल. ऑटो डार्कनिंग हेल्मेट घेताना ते कमी अँपिअरच्या टिगला काळं होतं का, हे विचारूनच घ्या. स्वस्तातली काही हेल्मेटं रॉड वेल्डिंगला चालतात, पण २०-३० अँपिअरच्या टिगला मध्येच उघडतात. ६० ते १०० अँपिअरला काचेचं शेड ९-१० ठेवा. जुन्या गाडीच्या बॉडीवर काम असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि ईसीयू काढून ठेवा, एचएफनं तो उडू शकतो.

बनवलेली गाडी रस्त्यावर आणता येईल?

थोडक्यात, नाही. महिंद्रांनीही तेव्हा म्हटलं होतं की ती जीप नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. नव्या गाडीच्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. आणि जुन्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे बग्गी शेतात, खासगी जागेत किंवा स्पर्धेच्या ट्रॅकवर चालवायची, असं ठरवूनच सुरुवात करा.

पण शेतात पडली तरी माणूस लागतोच. म्हणून रोल केज, सीटबेल्टचे पॉइंट आणि सस्पेन्शनचे ब्रॅकेट तुमचे पहिले जोड असू नयेत. आधी तुमच्याच पाइपचे वीस तुकडे काटकोनात जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्यानं मोडा. पाइप वाकला आणि जोड राहिला तर ठीक. जोड सुटला तर आत बघा, लोखंड वितळलेलं दिसतंय की नुसतं चिकटलेलं. मग एक तुकडा उभा कापून आतला भाग बघा. सलग दहा तुकडे पास झाले की चेसिसला हात लावा. तेवढंही जमत नसेल तर सगळी चेसिस स्वतः टॅक करा आणि हे मोजके जोड आयटीआय झालेल्या अनुभवी वेल्डरकडून पूर्ण करून घ्या.

दुकानात जाताना तुमच्याच पाइपचे दोन तुकडे खिशात घेऊन जा आणि एखाद्या वेल्डर मित्राला बरोबर घ्या. मशिन ३० अँपिअरवर ठेवून बटण दाबायला सांगा. ज्योत न टेकवता पहिल्या झटक्यात पेटली पाहिजे आणि थरथरली नाही पाहिजे. मग सोडताना करंट हळूहळू उतरतो का बघा, नंतर गॅस किती सेकंद चालू राहतो ते मोजा. शेवटी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर टॉर्चच्या केबलला लावा आणि मशिन १५० वर ठेवून ज्योत पेटवायला सांगा. मीटरवर ११० दिसले तर दुकानदाराला ते वाचायला लावा, आणि भावाचं बोलणं त्यानंतर सुरू करा.